चिंचोळीवरच्या फांद्या

राय नावाच्या धान्याचं काळपट पीठ अर्धवट मळून झालं होतं. हिल्मा केतोलाचे हात मनगटाच्या वरपर्यंत काठवटीत रुतलेले होते, तेवढ्यात दार ढकलून शार्लट कीसिक आत आली. आमच्या ऑटर नेक गावात थंडीच्या दिवसांत कोणी दार वाजवून थांबत नाही. शार्लटच्या काखेत बर्फाखालच्या जाळ्यातून काढलेले पांढरे मासे होते, सरपणाच्या ढलप्यांसारखे कडक झालेले.

"चुलीजवळ नको ठेवूस," मान वर न करता हिल्मा म्हणाली. "तिथं डबा आहे."

"तिथं डबा आहे हे साऱ्या गावाला पाठ आहे." शार्लटनं मासे दाराशेजारच्या थंड फळीवर टाकले आणि बुटांवरचं बर्फ झाडलं. "आणि हे बघ, मासे द्यायला आले आणि बोलत बसले असं समजू नकोस. बोलायचं होतं, म्हणून मासे आणलेत."

"मग बोल."

"चिंचोळीवरच्या फांद्या उपटून टाक, हिल्मा."

हिल्मानं पीठ उलटं केलं, मुठीनं दाबलं, पुन्हा उलटं केलं. चुलीच्या मागच्या कडेला ठेवलेल्या चौकोनी डब्यातून तेलाचा मंद वास येत होता. त्या घरात कॉफीचा, आंबलेल्या पिठाचा आणि इंजिनाच्या तेलाचा वास इतका एकजीव झाला होता की परका माणूस आला तरच तो वेगवेगळा ओळखू शके.

हिल्माला इथं येऊन बरीच वर्षं झाली होती. ती फिनलंडहून घरकामाला म्हणून आली, एका लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाकाला राहिली आणि तिथल्या लोहाराशी, आर्वो केतोलाशी, तिचं लग्न झालं. सोनं सापडलं तसे दोघं आणखी उत्तरेला सरकले. तेव्हा इथं यायचं म्हणजे उन्हाळ्यात होडी डोक्यावर घेऊन एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे चालायचं, आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीमागं पळायचं. मग विमानं आली. लाकडी सांगाड्याची, कापडी पंखांची, चाकांऐवजी पायाला लांब पट्ट्या बांधलेली. ती बर्फावर घसरत उतरत. त्यांच्या पोटातून खाणीचं सगळं आलं: सुरुंगाची दारू, पंप, पिठाची पोती, दंतवैद्य, एकदा तर मॅनेजरच्या लेकरासाठी दुभती गायसुद्धा आली. ती बिचारी उतरल्यावर दोन दिवस पान्हा सोडायला तयार नव्हती. हिल्माची ही बिडाची चूलही तुकड्यातुकड्यांनी विमानातूनच आली आणि आर्वोनं ती जोडली. "माझी चूल विमानात बसलीय, मी नाही," असं हिल्मा पाहुण्यांना सांगायची. तेव्हा ती हसायची.

लोहाराला वाकलेलं सरळ करता येतं, म्हणून विमानवाल्यांनी आर्वोला मेकॅनिक म्हणून घेतलं. बेअर्ड नावाचा वैमानिक आणि आर्वो, अशी जोडी जमली. इथल्या थंडीत विमान उतरलं की पहिलं काम म्हणजे इंजिनातलं सगळं तेल कोमट आहे तोवर डब्यात काढून घ्यायचं, नाहीतर सकाळपर्यंत त्याचं डांबर होतं. तो डबा रात्रभर कुणाच्या तरी चुलीवर ठेवायचा. सकाळी इंजिनावर ताडपत्रीचा तंबू टाकायचा, खाली भट्टी पेटवायची आणि घरातलं गरम तेल पळत नेऊन परत ओतायचं. केतोलांचं घर चिंचोळीच्या काठावर, म्हणजे जिथं तळं दोन टेकड्यांमध्ये आवळलं जातं तिथं, अगदी उतरण्याच्या जागेशेजारी. साहजिकच चूल हिल्माची.

आणि फांद्याही हिल्माच्या. आभाळ भरलेलं असलं की वरून पाहणाऱ्याला बर्फ कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं हे कळत नाही. झाडाएवढ्या उंचीवर आहोत असं वाटावं आणि विमान जमिनीवर आदळावं, असं झालेलं आहे. म्हणून गोठलेल्या तळ्यावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या हिरव्यागार फांद्या दोन रांगांत रोवतात. त्या दिसल्या की वैमानिकाला खाली जमीन आहे याचा भरवसा येतो. नवं बर्फ पडलं की फांद्या झाकल्या जातात, मग पुन्हा नव्या रोवायच्या. आणि उतरू नका असं सांगायचं असेल, तर मधोमध एक मोठी फुली करायची. हे सगळं आर्वोनं तिला शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या मेजावर काट्याचमच्यांची रांग मांडून.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात एका सकाळी बेअर्ड आणि आर्वो जमिनीला भोकं पाडणाऱ्या यंत्राचे सुटे भाग घेऊन उत्तरेकडच्या एका छोट्या तळावर निघाले. भार जास्त झाला होता. बेअर्डनं जादाच्या तेलाचा डबा खाली उतरवला आणि आर्वोनं तो आणून चुलीवर ठेवला.

"हा राहू दे. संध्याकाळपर्यंत गरम ठेव," तो म्हणाला. टोपी कानांवर ओढून गेला. जाता जाता ओल्या बोटानं कच्च्या पिठाचा एक तुकडा काठवटीतून उचलला म्हणून तिनं त्याच्या हातावर चापट मारली. तेवढंच.

ते त्या तळावर पोचले नाहीत. परत आले नाहीत. दुसरी विमानं बर्फ वितळेपर्यंत शोधत राहिली. एवढी तळी, एवढं रान. कुठल्याशा तळ्यावर उतरले असतील, बर्फ फुटलं असेल, वसंतात पाण्यानं सगळं पोटात घेतलं असेल, असं लोक म्हणू लागले. वर्षातून एकदा येणारे पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थना करून टाकू. हिल्मा देवाची फार. रोज सकाळी आणि झोपताना गुडघे टेकल्याशिवाय तिचा दिवस जात नाही. पण ती पाद्रीबाबांना म्हणाली, "कुणाला पुरायचं, बाबा? मला दाखवा, मी पुरते."

डबा चुलीवर राहिला. फांद्या उभ्या राहिल्या.

"ऐकतेस ना?" शार्लट म्हणाली.

"ऐकतेय."

"तुला काय माहीत नाही का? खाणीचा दगड दळायची गिरणी सुरू झाल्यापासून तिचं कोमट पाणी चिंचोळीतच सुटतं, बर्फ खालून पातळ होतं. म्हणून तर उतरायची जागा टेकडीपलीकडे मोठ्या पाण्यावर नेली. त्या कारणानं आम्ही तिथली जाळीसुद्धा उचलली. आणि तू दर बर्फानंतर जाऊन इथं फांद्या लावतेस. कुणासाठी लावतेस?"

"आर्वोला कुठं ठाऊक आहे जागा बदलल्याचं?" हिल्मा शांतपणे म्हणाली. "तो आला तर इथंच येणार."

शार्लट खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता.

"आणि आला तर कुठं उतरेल? पाण्यात. तू ज्याची वाट बघतेस त्यालाच बुडवायला फांद्या लावतेस, बाई."

हिल्माचे हात थांबले. हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं असं नाही. आलं की ती पीठ जोरात मळायची.

"मी स्वतः जाते तिथं. मला पेलतं ते."

"तू चिमणीएवढी आहेस. विमान चिमणीएवढं नसतं." शार्लट उठली. "उद्या माझी लेक येतेय, रोझॅन, बाळाला घेऊन. नेहमीचा वैमानिक आजारी आहे, म्हणून गाबूरी नावाचा कुणी नवा माणूस आणतोय. त्यानं ऑटर नेक पाहिलेलं नाही. तो दक्षिणेकडून येणार, म्हणजे आधी तुझ्या फांद्या दिसणार त्याला, मागून खरी जागा. उद्या सकाळपर्यंत उपट. तू नाही उपटल्यास तर मी उपटीन, आणि मग तू माझ्याशी बोललीस नाही तरी चालेल मला."

"उपटते," हिल्मा म्हणाली.

"आज."

"भाकरी भट्टीत गेल्यावर."

शार्लटनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू बाजारात मापात मारणाऱ्या माणसाकडे पाहावं. पण गिरणीजवळच्या दुकानात बाळासाठी दूध सांगायचं होतं, तिला थांबता येत नव्हतं. "भाकरी गेल्यावर," असं तिचंच वाक्य तिला परत देऊन ती टेकडीच्या वाटेला लागली.

हिल्मा पुन्हा पिठाला लागली. उपटायच्या हे तिनं मनापासून म्हटलं होतं. उपटेनच. पण पहिली फांदी उपटताना हात कुठं धरायचा, हे तिला कळत नव्हतं. पीठ आणखी थोडं मळलं पाहिजे असं तिला वाटलं. मग आणखी थोडं.

खिडकीबाहेर उजेड राखेसारखा झाला होता. वारा नव्हता. टेकडी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली गेली होती. आणि अशाच वेळी नेहमी यायचा तसा, दक्षिणेकडून तो आवाज आला.

हा आवाज हिल्माशिवाय कुणाला येत नसे. पहिल्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा आला तेव्हा ती डोक्याला रुमाल न बांधता चिंचोळीवर धावली होती. लांबवरून इंजिनाची घरघर, मग जवळ, मग अगदी डोक्यावर, आणि मग उत्तरेकडे जात जात विरून जाई. वर पाहावं तर नुसतं राखी आभाळ. पुढच्या वेळी तिनं शार्लटला हाताला धरून उभं केलं होतं. शार्लटनं बराच वेळ कान दिला आणि म्हणाली, "मला नाही ऐकू येत. तुला येत असेल तर येऊ दे. पण पायात बूट घालून येत जा बाहेर."

त्यानंतर कितीदा तरी तो आला. ती धावली, उभी राहिली, परत आली. गावात कुजबुज सुरू झाली. दुकानात ती शिरली की बोलणं बंद पडे. शेवटी या हिवाळ्याच्या सुरुवातीला तिनं देवासमोर कबूल केलं: आता तो आवाज आला की धावायचं नाही. हातातलं काम सोडायचं नाही. प्रभूची प्रार्थना म्हणायची, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती संपेतो आवाज गेलेला असे.

आताही ती म्हणू लागली, लहानपणी आईनं शिकवली तशी, आपल्या भाषेत. ओठ हलत होते, हात पिठात होते. घरघर जवळ आली. डोक्यावर आली. घरावरून गेली. आता उत्तरेकडे विरेल. हिल्मा देवाकडे रोजची भाकरी मागायच्या ओळीपर्यंत आली होती.

आवाज विरला नाही. तो वळला.

तो घराला वळसा घालून पुन्हा दक्षिणेकडे गेला, आणि मग खाली उतरला. म्हणजे इंजिन मंद झालं. एक ठसका, मग बारीक, अडखळत गुरगुरणं. मेकॅनिकच्या बायकोला हा आवाज झोपेत ओळखता येतो. उतरायचं असतं तेव्हा इंजिन असं बोलतं. आणि तिच्या आर्वोचं विमान दोन हिवाळ्यांत इतक्यांदा तिच्या डोक्यावरून गेलं होतं, पण एकदाही, एकदासुद्धा ते उतरायला म्हणून मंद झालं नव्हतं.

म्हणजे हे दुसरं. हे खरं.

ओळ अर्धीच राहिली. उद्या येणारं विमान आज आलं होतं. हवा बिघडण्याआधी निघू, असं त्या नव्या माणसाच्या मनात आलं असेल. टेकडीपलीकडे कुणी वाट पाहत नसणार, कुणी ऐकलंही नसणार. गिरणीच्या धडधडीत तिकडे काय ऐकू येतंय. आणि इथं खिडकीसमोर, राखी उजेडात हिरव्या फांद्यांच्या दोन सरळ रांगा उभ्या होत्या, जणू नेमक्या त्याच्यासाठीच.

उपटायला वेळ नव्हता. फुली. पण कशानं? फांद्या तोडायच्या तर कुऱ्हाड लाकडाच्या खोपटात. हिल्मा गर्रकन वळली आणि चुलीच्या मागच्या कडेवरून तिनं तो डबा उचलला. दोन वर्षांत तो तिनं फक्त पुसायला उचलला होता. पिठाचे हात कढत कडीला चिकटले, चरचर झाली, तिला कळलंही नाही. दारात तिची पायगाडी होती, दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर खुर्चीसारखी, एका पायानं रेटायची. फिनलंडहून आलेली प्रत्येक बाई बाजारहाटाला तीच वापरते. डबा खुर्चीवर टाकून तिनं ती उतारावरून सोडली आणि मागच्या पट्टीवर उभी राहिली.

विमान दक्षिणेच्या टोकाला वळून समोर आलं होतं. आभाळाच्या रंगाचंच, फक्त नाकाशी एक काळा ठिपका. ठिपका मोठा होत होता.

हिल्मा पहिल्या फांद्यांच्या पुढे गेली. आणखी पुढे. काठाजवळ फुली काढून उपयोग नव्हता, त्याला लांबून दिसली पाहिजे. तिनं डब्याचं झाकण दातांनी ओढलं आणि डबा तिरका केला. थंड तेल असतं तर त्या थंडीत ते डब्यातून हललं नसतं. हे गरम होतं. रोज संध्याकाळी चुलीत दोन लाकडं जास्त घालून तिनं ते गरम ठेवलं होतं. ते पाण्यासारखं पडलं, बर्फात रुतलं, वाफ निघाली, आणि तिच्या पायांमागं एक जाड काळी रेघ उमटत गेली. एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे तिरकी. मग ती वळली आणि दुसरी रेघ पहिलीला छेदून ओढू लागली. मधोमध येईतो डबा हलका झाला. शेवटच्या टोकाला तेल थेंबथेंब पडत होतं, तरी ती तो झटकत चालली होती.

तेव्हा तिच्या बुटाखालचं बर्फ बोललं. फुटलं नाही. आतून कुणी उसासा टाकावा तसं बोललं. तिनं खाली पाहिलं. तेलाच्या रेघेच्या कडेनं राखाडी पाणी वर येत होतं. गेल्या बर्फाला ती याच जागी उभी राहून फांदी रोवत होती आणि तेव्हा ते दगडासारखं होतं. शार्लटचं बोलणं तिच्या कानात वाजलं: कुठं उतरेल? पाण्यात.

ती तिथंच ओणवी झाली. पायगाडी आडवी पाडून तिच्यावर पोटावर झोपली, म्हणजे भार पसरेल. वर पाहिलं तेव्हा विमान फांद्यांच्या दोन रांगांच्या मधोमध होतं. त्याच्या पट्ट्या फांद्यांच्या शेंड्यांएवढ्या खाली आल्या होत्या. आणि मग इंजिन ओरडलं. नाक वर झालं. पट्ट्यांखालून उठलेल्या वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा रुमाल उडवून नेला, दोन फांद्या बुडापासून उपटून फेकल्या, आणि विमान तिच्या अंगावरून पलीकडे गेलं.

बाजूच्या खिडकीत तिला एक टोपी दिसली, कानांवर ओढलेली. कुणाची ती तिनं स्वतःला विचारलं नाही.

विमान टेकडीवर चढलं, वळलं, पलीकडे गेलं. इंजिन मंद झालं, ठसकलं, गुरगुरलं आणि थांबलं. थांबलं. तळ्यावर शांतता पसरली. आणि बर्फावर पालथ्या पडलेल्या हिल्माला नीट ऐकू आलं की दुसरं एक इंजिन अजून चालूच आहे. ते टेकडीकडे वळलंच नव्हतं. ते सरळ उत्तरेकडे चाललं होतं, एकसुरी, कुठंच न थांबता.

ती पोटावर सरपटत, पायगाडी मागं ओढत काठाला आली.

घरात ती हात धूत होती तेव्हा बाहेर पावलं वाजली. पुढे एक ठेंगणा, लाल नाकाचा माणूस होता, कातडी टोपीतला. त्याच्या मागं त्याचा मेकॅनिक, हातात वाफाळत्या तेलाचा डबा. सगळ्यात मागं शार्लट.

"नमस्कार बाई. मी गाबूरी," तो माणूस म्हणाला. त्याच्या बोलण्याला पूर्वेकडच्या फ्रेंच लोकांचा हेल होता. "दुकानात सांगितलं की तेल गरम ठेवायचं तर तुमच्याच चुलीवर. आणि मला हेही विचारायचं होतं की ती काळी फुली कुणी काढली? मी तर म्हटलं, वा, काय झकास रांगा लावल्यात, आपल्या आईनं पाट मांडावा तशा. उतरतच होतो."

"फुली हिनं काढली," शार्लट म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि रांगाही हिनंच लावल्या."

गाबूरीचं हसू अर्ध्यावर राहिलं. तो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागला. मेकॅनिक डबा हातात धरून दाराशीच उभा होता. चुलीच्या मागच्या कडेवर एक चौकोनी चकचकीत जागा रिकामी दिसत होती, बाकीचं लोखंड काजळलेलं.

"तिथं ठेव बाबा," हिल्मा त्याला म्हणाली. "ती जागा डब्याचीच आहे."

त्यानं ठेवला. दोघांनी कॉफी घेतली, गरम होती तरी लवकर प्यायली, आणि बायकांना एकमेकींशी बोलायचंय हे ओळखून निघून गेले. शार्लट उभीच होती.

"रोझॅन होती त्यात," ती म्हणाली. "तान्हं बाळ होतं मांडीवर."

"हो."

"मी तुला मघाशीच सांगितलं होतं."

"हो."

"भाकरी गेल्यावर म्हणालीस."

हिल्माजवळ सांगण्यासारखं बरंच होतं: आवाजाचं, प्रार्थनेचं, देवाला दिलेल्या शब्दाचं. पण त्यातलं काहीही तान्ह्या बाळाच्या वजनाएवढं भरत नव्हतं. तिच्या तळहातांवर कडीचे लाल वळ उठले होते. शार्लटनं ते पाहिले, मग ती काठवटीत डोकावली. पिठाच्या गोळ्यावर तेलाची काळी बोटं उमटली होती. घाईत हिल्मानं परत आल्यावर सवयीनं त्यात हात घातला होता.

"फेकून दे ते. तेल गेलंय त्यात."

"आंबवणाचा गोळासुद्धा त्यातच होता," हिल्मा म्हणाली. "आईकडचा."

हे आम्हां बायकांना सांगायला नको. प्रत्येक भाकरीच्या वेळी आंबलेल्या पिठाचा एक गोळा पुढच्यासाठी काढून ठेवतात. हिल्मानं तिच्या आईचा असा वाळवलेला गोळा फडक्यात बांधून समुद्रापलीकडून आणला होता, आणि तो आजवर कधी मरू दिला नव्हता. आज काढून ठेवायचा राहिला.

शार्लटनं भिंतीवरच्या खुंटीवरून दोर काढला. "चल. उजेड आहे तोवर."

त्या दोघी चिंचोळीवर गेल्या. काठावर एका दणकट स्प्रूसला दोराचा एक वेढा घालून शार्लट उभी राहिली. दोराचं दुसरं टोक तिनं हिल्माच्या कमरेला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"सोडणार तर नाहीस ना?" हिल्मानं विचारलं.

"मनात तर येतंय," शार्लट म्हणाली. "चाल."

हिल्मा पायगाडीवर पोट टेकून पुढे सरकली. पहिली फांदी उपटताना हात कुठं धरायचा, हा प्रश्न आता उरला नव्हता. बुंध्याशी धरायचा आणि ओढायचं. एकेक फांदी ती काठाकडे भिरकावत गेली. काहींच्या बुडाशी पाणी साचलं होतं, त्या हाताला लागताच आपण होऊन आल्या. काळी फुली तशीच होती. ती उपटता येण्यासारखी नव्हती. ती वसंतापर्यंत राहणार आणि मग बर्फाबरोबर पाण्यात जाणार, आर्वोकडे.

शेवटची फांदी तिच्या हातात होती तेव्हा दक्षिणेकडून आवाज आला.

ती उठून बसली. शार्लटला काठावरून तिचा चेहरा दिसला असावा. गाबूरीचं विमान टेकडीपलीकडे थंड पडलेलं होतं, त्याचं तेल हिल्माच्या चुलीवर होतं. हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आलं का?" शार्लटनं विचारलं.

"हो."

"कुठं आहे आता?"

"डोक्यावर." हिल्मानं मान मागं टाकली. "चाललंय."

शार्लट या वेळी मला ऐकू येत नाही असं म्हणाली नाही. तिनंही मान वर केली, राखी आभाळाकडे पाहिलं, आणि झाडाचा वेढा न सोडता दोराला हातभर ढील दिली, हिल्माला वळून उत्तरेकडे बघता यावं म्हणून. दोघी तशाच राहिल्या. हिल्मानं मघाशी अर्धी सोडलेली प्रार्थना भाकरीच्या ओळीपासून पुढे म्हटली. ती संपली तेव्हा आवाज गेला होता.

"झालं?"

"झालं. ओढ."

काठावर आल्यावर शार्लटनं गाठ सोडली आणि दोर कोपरावर गुंडाळू लागली. फांद्यांचा ढीग तिनं पायानं एकत्र केला. "या सरपणाला घे," ती म्हणाली. आणि दोर गुंडाळून झाला तरी ती जाईना.

"तू मला एकदा तो आंबट गोळा दिला होतास. माझी सासू गेली त्या वर्षी," ती जरा वेळानं म्हणाली. "माझ्याकडे आहे अजून. तुझ्यासारखी भाकरी होत नाही माझी, पण मरू दिलेला नाही. सकाळी ये. आणि बाळ बघून जा. रोझॅनला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर तू सांग."

हिल्मानं मान हलवली. घरी येऊन तिनं काठवट रिकामी केली, गरम पाण्यानं आणि वाळूनं घासली, चुलीत दोन लाकडं जास्त घातली, कारण डबा होता. मग गुडघे टेकले. उठली तेव्हा तिनं एक मातीचं बोळकं पुसून, त्यात स्वच्छ फडकं घालून पायगाडीच्या खुर्चीवर ठेवलं. सकाळी शार्लटकडे जाऊन आंबलेल्या पिठाचा गोळा आणायचा होता.